हौदावरची आक्का

आक्का आधी हाणायची आणि मग विचारायची. माझी तिची ओळखच थोबाडीतून झाली. मी तिसरीत होते. शाळेतून येताना घोड्यांच्या हौदाच्या कट्ट्यावर पाटीवरची पेन्सिल घासून टोक काढत बसले होते. मागून असा फटका बसला की पेन्सिल एकीकडे आणि मी एकीकडे. वर बघितलं तर तिखटानं लाल झालेला हात कमरेवर ठेवून एक धिप्पाड बाई उभी. "कुनाची गं तू?" मी रडत वडिलांचं नाव सांगितलं. तिनं कनवटीचा खोबऱ्याचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला. "खा. आनि परत त्या दगडाला पेन्सिल लावलीस तर बोटं डंकाखाली घालीन." खोबरं गोड होतं. गाल मात्र संध्याकाळपर्यंत तिखटानं जळत होता.

मंगळवार पेठेतला तो हौद म्हणजे काळ्या दगडाच्या तीन कमानी आणि त्यांच्यापुढं लांब दगडी डोण. टांग्यांची घोडी तिथं पाणी प्यायची. टांगे गेले, पाणी आटलं, नाव तेवढं राहिलं. हौदाच्या मागच्या भिंतीला टेकून पत्र्याची शेड होती आणि शेडमध्ये आक्काचा डंक, म्हणजे चटणी कुटायचं कांडपयंत्र. उन्हाळ्यात निम्मी पेठ तिथं शिंकत उभी असायची. नंबर मोडून पुढं घुसणाऱ्याच्या पाठीत पायताण बसायचं आणि त्यामागून सवाल यायचा, "कुठलं पावणं?" पावणं पेठेतलंच निघालं तर आणखी एक बसायचं.

आक्का गडहिंग्लजच्या पलीकडची, माहेरी कन्नड बोलणारी. राग हाताबाहेर गेला की तिच्या तोंडात कन्नड यायचं. नवरा दारू पिऊन मारायचा. हौदाला पाणी होतं तेव्हा एकदा भर सकाळी केसांना धरून त्यानं तिला हौदावर आणलं आणि तिचं कपाळ कमानीवर आपटलं. पाण्याला आलेल्या बाया नुसत्या बघत उभ्या. आक्कानं भरलेली घागर उचलली आणि त्याच्या खांद्यात घातली. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. त्यानंतर तो तिच्या अंगावर गेला नाही. पुढं आजारात वारला. हे सगळं ती चटणी चाळता चाळता सांगायची, भाजी काय केली ते सांगावं तसं. "ह्या दगडानं माजं रगात बगितलंय. आनि मी पयल्यांदा हात उचलला त्यो बी हितंच. ह्येला पाडाय येईल त्येला मी पाडनार."

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस पाडायला आलेच. आमच्या भागाच्या नगरसेवकाला हौदाच्या जागी दुकानांचे गाळे काढायचे होते. एका दुपारी त्याची माणसं जेसीबी घेऊन आली. कमानीवरचा पहिला दगड खाली आला तसा डंक थांबला. आक्का दोन्ही मुठींत तिखट घेऊन बाहेर आली. ड्रायव्हर डोळे धरून रस्त्यावर लोळला. मुकादमाच्या डोक्यात लोखंडी दांडा बसला. तिसऱ्यानं आक्काच्या तोंडावर ठोसा मारला, तर पडलेला दात तिनं त्याच्याच तोंडावर थुंकला. मी आमच्या खिडकीतून बघत होते. मला किळस आली आणि अभिमानही वाटला. दोन्ही खरं आहे. पोलीस ठाण्यात फौजदारानं विचारलं, "आक्का, तिखट कशाला फेकलं?" आक्का म्हणाली, "हाताला तिखट लागलं म्हनून तिखट टाकलं. हळद असती तर हळद लावली असती की." फौजदाराच्या घरची चटणी तिच्याकडंच कुटली जायची. केस वर्षानुवर्षं लोंबकळली, पण गाळ्यांचं काम थांबलं.

पुढं महापालिकेनं शहरातल्या जुन्या वास्तूंची वारसा यादी करायला घेतली. यादीत चढलेली वास्तू परवानगीशिवाय कुणाला पाडता येणार नव्हती. समितीतल्या एक बाई हौद बघून गेल्या. "पाहणीला येऊ, तोवर जपा," एवढंच त्या म्हणाल्या. नेमकी आक्का भाचीच्या लग्नाला गावी गेली आणि तरुण मंडळानं हौद जपायचं मनावर घेतलं. आमच्याकडं जपणं म्हणजे फरशी. पोरांनी वर्गणी काढली, कमानींना न्हाणीघरातल्या पांढऱ्या चकचकीत फरश्या लावल्या, डोणीला गुलाबी ऑइलपेंट फासला आणि मधोमध मंडळाचं नाव घातलं. पाहणीच्या आदल्या दिवशी तिथून जाताना बाई ते बघून धसकल्या. असा हौद यादीत कसा घालणार, म्हणाल्या.

आक्का परतली ती पाहणीच्या दिवशी सकाळी. पिशवी खाली टाकून तिनं मंडळाच्या अध्यक्षाच्या कानाखाली काढली आणि मग विचारलं, "कुनी केलं रं ह्ये?" उत्तराची वाट न बघता घण घेऊन आली. अध्यक्ष आडवा आला. "आक्का, वर्गणीची फरशी हाय."

"सुम्न कुंद्र," ती म्हणाली, म्हणजे गप बस. "सरक, न्हायतर तुजं डोस्कं बी वर्गणीत जाईल."

घणाखाली फरश्या फुटत होत्या आणि तुकडे तिच्या हातात घुसत होते. कोपरापर्यंत रक्त ओघळलं. एक घाव चुकला आणि डाव्या हाताची करंगळी ठेचली गेली. ती थांबली नाही. शेवटी अध्यक्षच रडत रडत छिन्नी घेऊन बसला. मीही घरचं उलथनं आणून रंग खरवडू लागले. समिती आली तेव्हा हौद खरचटलेला, गुलाबी डागांचा होता, पण दगडाचा होता. बाईंनी कमानीवरच्या रक्ताकडं बघितलं, आक्काकडं बघितलं आणि वहीत नोंद करायला घेतली.

हौद यादीत चढला. पेठेत पेढे वाटले. मग नोटीस आली, की हौदाच्या भिंतीला चिकटलेलं अतिक्रमण काढावं. अतिक्रमण एकच होतं, आक्काची शेड. नगरसेवक स्वतः सांगायला आला, हसत हसत. "आक्का, तुमच्याच हौदाचा कायदा. उद्या गाडी येईल." आज ह्याचं काही खरं नाही, असं आम्हाला वाटलं. आक्कानं घण उचलला. तो मागं सरकला. आक्का वळली आणि तिनं स्वतःच्या शेडच्या खांबावर घाव घातला.

"माज्यावर दुसऱ्याचा हात पडल्याला मला चालत न्हाय," ती म्हणाली आणि पुन्हा घाव घातला. पत्रा कोसळेपर्यंत हाणत राहिली. मी ढसाढसा रडले. ती नाही.

डंक टेम्पोत घालून ती गडमुडशिंगीला भाच्याकडं गेली. तिथं फार दिवस काढले नाहीत तिनं. शेवटचं भेटायला गेले तेव्हा अंथरुणातून म्हणाली, "हौद हाय न्हवं?"

"आहे, आक्का."

"मग आता तितं हाणाय कोन हाय?"

आता हौदावर महापालिकेचा निळा फलक आहे. मागच्या भिंतीवर तिखटाचा लालसर डाग अजून आहे. मी शाळेत शिकवते, आणि इतक्या वर्षांत एकाही मुलावर हात उगारलेला नाही. तरी परवा घरी येताना एक इस्त्रीच्या शर्टातला गृहस्थ मोटारसायकलवर बसून कमानीवर पानाची पिंक टाकताना दिसला. माझा तळहात झणझणला तेव्हा मला कळलं की हात उठून गेलाय. तो गाल धरून माझ्याकडं बघत राहिला.

मग मी विचारलं, "कुठलं पावणं?"