एका डोळ्याचा कबुलीजबाब

तुम्ही आपलेच म्हणून सांगते, पण आधी चहाचा घोट गिळून घ्या. नाहीतर ठसका लागायचा!

श्रावणातला सोमवार. महादेवाला धोतरा वाहायचा म्हणून सकाळीच चिखलोलीतल्या आमच्या सोसायटीच्या कुंपणामागे गेले. फुलं, पानं, काटेरी फळं, सगळं खुडलं. घाम डोळ्यात गेला, डोळा चोळला. त्यात काय एवढं?

तासाभराने देवळात निघताना कुंकू लावायला आरशात पाहिलं आणि किंचाळलेच! एका डोळ्यातली बाहुली मुगाएवढी, दुसऱ्यातली वाटाण्याएवढी! आणि त्या डोळ्याने सगळं धूसर.

समोरच्या सिंधी भाभी धावत आल्या. मनाने फार प्रेमळ, पण तोंडाला लगाम नाही. "अरे दीदी, ये तो लकवा है! मेरे मामा का भी ऐसे ही शुरू हुआ था!"

संपलं! हातातली परडी तशीच धरून मी सुनेबरोबर रिक्षात. वाटलं, जीभ जड होण्याआधी बोलून घ्यावं.

"सायली, माझे गुडघे दुखत नाहीत गं."

"आं?"

"तू एमआयडीसीतल्या लॅबमध्ये नोकरीला गेलीस, तर तुझ्या चिनूच्या मागे मला धावावं लागेल. म्हणून वर्षभर लंगडतेय. जा बाई तू नोकरीला! मला माफ कर!"

ती रडायला लागली, मी रडायला लागले. रिक्षावाल्यानेही नाक पुसलं!

अंबरनाथ पश्चिमेच्या डॉक्टरीणबाईंनी हात वर करायला लावले, हसायला लावलं, डोळ्यात टॉर्च मारला. सगळं ठीक, फक्त ती बाहुली काही लहान होईना.

"डोळ्यात काही घातलंत?"

"छे हो!"

"आणि परडीत काय आहे?"

बघितलं आणि हसायलाच लागल्या. "अहो, धोतऱ्याचा चीक गेलाय डोळ्यात! उजेड पडला की 'लहान हो' असा निरोप बाहुलीच्या स्नायूला येतो. तो घेणाऱ्या जागांना मस्करिनिक रिसेप्टर म्हणतात. तिथे धोतरा ठाण मांडून बसलाय. निरोप येतो, पण घेणार कोण? डोळे तपासायचे आमचे थेंबही असंच काम करतात. उतरेल दोन-तीन दिवसांत."

मी हातच जोडले. मग रिक्षातलं आठवलं. हळूच विचारलं, "डॉक्टर, धोतऱ्याने माणूस काहीबाही बरळतो ना?"

"पोटात गेला तर बरळतो, जिवावरही बेततं. तुमच्या फक्त डोळ्याला लागलाय. डोकं अगदी ठणठणीत!"

सायलीने माझ्याकडे असं काही पाहिलं, काय सांगू!

डोळा तिसऱ्या दिवशी बरा झाला. सायली लॅबमध्ये जायला लागली. पहिल्या दिवशी डबा घेऊन निघाली तेव्हा तिचा चेहरा पाहायला हवा होता तुम्ही! आणि मी? चिनूच्या मागे दिवसातून दहा वेळा जिना.

परवा मात्र खरोखरच कळ आली हो. गुडघा धरून म्हटलं, "सायली, फार दुखतोय गं!"

ती शांतपणे जवळ आली आणि म्हणाली, "आई, आधी डोळे दाखवा."