पेरेपेत्वाची निळी वही

गेल्या मंगळवारी आमच्या दवाखान्यात टाळ्या वाजल्या. गोळ्या सुरू होऊन पेरेपेत्वाला वीस वर्षं झाली आणि तिच्या रक्तात यंदाही एचआयव्हीचा विषाणू सापडला नाही. नवी डॉक्टरीण कौतुकाने म्हणाली, "आजी, तुम्ही आता म्हातारपणानेच जाणार, तेही खूप वर्षांनी!" पेरेपेत्वा कसनुसं हसली. मी शेजारच्या बाकावर होते. मला त्या टाळ्या ऐकवेनात.

मी नालोंगो. आमच्या मसाका जिल्ह्यात जुळ्यांच्या आईला हेच नाव चिकटतं, मग स्वतःचं विसरायचं. पेरेपेत्वा माझी शेजारीण.

२००१ साली तिचा नवरा गेला. केळीच्या बागेत त्याला पुरलं, तेव्हा त्याच्या दोन भावांच्या मातीवर अजून गवतही उगवलं नव्हतं. पेरेपेत्वालाही तोच रोग. नुसती हाडं उरलेली. लेक गोरेती दीड वर्षाची. त्या काळात मरायला टेकलेल्या आया मुलांसाठी वही लिहीत: तुझा बाप कोण, कूळ कुठलं, पहिला दात कधी आला. पेरेपेत्वानेही एका निळ्या वहीत लिहिलं. शेवटच्या पानावर लिहिलं की, हा रोग मला आहे आणि बाळा, कदाचित तुलाही असेल. वही पेटीच्या तळाशी ठेवून तिने मला बजावलं, "मी गेल्यावर दे हं तिला. आधी नाही."

आणि ही बया मेलीच नाही! तीन-चार वर्षं कशीबशी काढली, मग फुकटच्या गोळ्या आल्या, आणि सहा महिन्यांत ती माझ्याशी कुंपणावरून भांडण्याइतकी धट्टीकट्टी झाली. गोरेतीलाही तपासलं. तिलाही रोग होता, तिच्याही गोळ्या सुरू झाल्या.

"कसल्या गं या गोळ्या, आई?"

"तुझ्या हृदयाच्या. घे मुकाट्याने."

मी पेरेपेत्वाच्या मागे लागायचे. "अगं, सांगून टाक तिला. बारा वर्षांची घोडी झाली."

"सगळं वहीत लिहिलंय, नालोंगो."

"ती तू मेल्यावर उघडायची ना? मग मरतेस कधी?"

ती खो खो हसायची, मीही हसायचे. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. पेटी कुठे आहे हे मला ठाऊक होतं. मीच वही काढून द्यायला हवी होती.

सोळाव्या वर्षी गोरेती वसतिगृहाच्या शाळेत गेली. तिथे जिल्ह्याच्या शर्यतीत पहिली आली. पोरीने विचार केला, ज्याचं हृदय दुखणाईत तो असा धावेल का? आणि गोळ्या संडासात टाकायला लागली. सुट्टीत घरी आली की आईसमोर तेवढ्या गिळायची.

वर्षभराने तिला ताप भरला. डोकं उशीवरून उचलेना. क्षय मेंदूपर्यंत पोचला होता. गोळ्या टाकून दिल्याचं तिने डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा पेरेपेत्वा उठली, घरी गेली आणि वही घेऊन आली. तोंडाने सांगणं तिला तेव्हाही जमलं नाही. वही तिने लेकीच्या हातात दिली.

गोरेतीने पहिली ओळ अडखळत वाचली. "माझ्या गोरेती, तू हे वाचशील तेव्हा मी या जगात नसेन."

तिने उशाशी बसलेल्या आईकडे पाहिलं. "पण तू तर आहेस की, आई."

शेवटच्या पानापर्यंत पोचायला तिला दोन दिवस लागले. वाचून झाल्यावर तिने वही मिटली. मग म्हणाली, "मला सांगितलं असतंस तर घेतल्या असत्या गं मी." चिडून नाही म्हणाली. चिडली असती तर बरं झालं असतं. रविवारी तिला बापाशेजारी पुरलं.

त्यालाही आता आठ वर्षं होतील. पेरेपेत्वाने आजवर एक गोळी चुकवलेली नाही.

मंगळवारी टाळ्या घेऊन आम्ही दोघी घरी निघालो. केळीची बाग दिसू लागली तशी ती थांबली.

"नालोंगो, तू विचारायचीस ना, मरतेस कधी?" ती म्हणाली. "ऐकलंस ना आज? अजून खूप वर्षं आहेत."