तेवीस कॉलम आणि एक वीत

आम्ही चौघांनी वेल्सच्या डोंगरात तीन दिवस, सोबत टॉयलेट घेऊन, टॉयलेट शोधलं.

यात चूक कोणाची यावर आमच्या घरात दोन मतं नाहीत. माझी.

झालं असं की आई पुण्याहून आमच्याकडे इंग्लंडात, बेसिंगस्टोकला राहायला आली, त्याला दीड महिना होऊन गेला होता. निखिल (हा माझा नवरा) आणि मी ऑफिसात, दहा वर्षांची सई शाळेत आणि आई खिडकीत. एकदा जेवताना ती सहज म्हणाली, "या मंगळवारी हिरवा, पुढच्या मंगळवारी काळा. समोरच्यांनी आज चुकून काळा बाहेर काढला होता. मी हात करून सांगितलं त्यांना." एवढे समुद्र ओलांडून येऊन माझी आई कौन्सिलच्या कचऱ्याच्या डब्यांचं वेळापत्रक पाठ करत होती! मला इतकं वाईट वाटलं की मी तिथल्या तिथे जाहीर केलं, "आपण मोटरहोम भाड्याने घेऊन फिरायला जायचं. आई, तुला काय बघायचंय?"

"डोंगर," आई क्षणाचाही विचार न करता म्हणाली. तिचं माहेर भोरच्या पुढे, डोंगराच्या अगदी पायथ्याला. "सकाळी उठायचं आणि डोंगराकडे बघत निवांत चहा प्यायचा. बाकी मला काही नको."

मी बिझनेस ॲनालिस्ट आहे. म्हणजे लोकांना नेमकं काय हवंय ते विचारायचं आणि लिहून काढायचं, याचा मला पगार मिळतो. (हे वाक्य लक्षात ठेवा, ते पुढे माझ्याच अंगावर येणार आहे.) त्यामुळे कॅम्पसाइट निवडायचं काम मी कोणालाही करू दिलं नाही. एक्सेल उघडलं. एक्केचाळीस कॅम्पसाइट, तेवीस कॉलम! जमिनीचा उतार किती, सूर्य कोणत्या बाजूने उगवतो, रस्ता किती अरुंद, मेंढ्या किती जवळ, त्या ओरडतात का.

"अगं, दोन रात्री राहायचंय," निखिल म्हणाला. "जमीन विकत नाही घ्यायचीये."

मी लक्ष दिलं नाही. महिनाभराने विजेता ठरला. वेल्समधल्या एका टेकडीच्या खांद्यावरचं शेत. फक्त पाच गाड्यांना जागा, समोर डोंगरच डोंगर. सतरावा कॉलम होता 'टॉयलेट ब्लॉक'. त्यात मी लिहिलं, 'नाही'. आणि तो चौकोन मी हिरव्या रंगाने रंगवला! कारण टॉयलेट ब्लॉक नाही म्हणजे गर्दी नाही, रांग नाही, खांद्यावर ओला टॉवेल टाकून हिंडणारी माणसं नाहीत. आपल्याला कशाला हवाय? आपल्या गाडीत टॉयलेट आहे की!

निघायच्या दिवशी सकाळी आम्ही गाडी ताब्यात घ्यायला गेलो. भाड्याने देणारा माणूस उत्साहाने एकेक गोष्ट दाखवत होता. हा बेड, हा फ्रिज, ही शेगडी. आणि शेगडीच्या बाजूचं दार उघडून म्हणाला, "अँड धिस इज युअर टॉयलेट. ब्रँड न्यू!"

आई पुढे झाली. तिने हाताचा पंजा पसरला आणि शेगडीपासून टॉयलेटच्या दारापर्यंत मोजलं. एक वीत.

"इथे फोडणी," आई हळू आवाजात म्हणाली, "आणि इथे..." पुढचं वाक्य तिने पूर्ण केलं नाही. करायची गरजही नव्हती.

"आजी, पण किती क्यूट आहे!" सई म्हणाली. "खालचा टाकी ड्रॉवरसारखा बाहेर येतो, मग बाबा तो घेऊन जाऊन रिकामा करणार!" (इथे वाढलेल्या सईच्या मराठीत सगळं पुल्लिंगी असतं.)

निखिलचा चेहरा पडला. ही माहिती त्याला नवीन होती. मग तो एकदम ताठ उभा राहिला आणि म्हणाला, "आईंचं अगदी बरोबर आहे. स्वयंपाकघरात टॉयलेट म्हणजे काय, काही पद्धत आहे की नाही!" (आमच्या लग्नाला चौदा वर्षं झाली. परंपरेचा एवढा अभिमान मी त्याच्यात त्याआधी पाहिला नव्हता.)

पाच मिनिटांत आईने त्या टॉयलेटची अडगळीची खोली केली. फोल्डिंगच्या खुर्च्या, चौघांचे गमबूट, छत्र्या, सईची स्कूटर, सगळं आत कोंबलं आणि दाराची कडी पेटीकोटच्या नाडीने बांधून टाकली. वर निखिलने ठरवलं की फोडणीचा वास भाड्याच्या गाडीत राहायला नको, तेव्हा स्वयंपाक बाहेर टेबलावर, आपल्या छोट्या शेगडीवर करू. सगळे खूश.

"आणि टॉयलेटचं?" निखिलने विचारलं.

"कॅम्पसाइटवर असतातच रे," मी म्हटलं. मी! स्वतःच्या हाताने तो चौकोन हिरवा करणारी मी!

चार तासांनी आम्ही वर पोचलो. आई खाली उतरली आणि समोर बघत नुसती उभी राहिली. डोंगराच्या उतारावर उन्हाचे पट्टे सरकत होते. "अगदी आमच्या घरामागचा डोंगर," ती म्हणाली. तिचा आवाज ओला झाला होता. "फक्त मेंढ्या जरा जास्त." मला त्या क्षणी माझ्या तेवीसच्या तेवीस कॉलमांना मिठी मारावीशी वाटली.

मग आईने डोळे पुसले आणि विचारलं, "बरं, बाथरूम कुठंय?"

शेताची मालकीण ग्वेन, सत्तरीची, लाल गालांची बाई, आमचं नाव वहीत टिपायला आली होती. मी तिला तोच प्रश्न विचारला.

"टॉयलेट्स? नो टॉयलेट्स हिअर, लव्ह," ती म्हणाली. "वेबसाइटवर लिहिलंय ना. गाडीत स्वतःचं टॉयलेट असेल तरच या. तुमच्या गाडीत आहे ना?"

"आहे," मी म्हटलं. सतरावा कॉलम माझ्या डोळ्यांपुढे हिरवागार चमकला.

नाडी सोडायला दोन सेकंद लागले असते, हे मला कळतंय. पण आई बघत असताना ती नाडी सोडायची माझी छाती झाली नाही. मी बेचाळीस वर्षांची आहे. तरी नाही झाली.

सगळ्यात जवळचं टॉयलेट तीन मैल खाली, दरीतल्या पबमध्ये होतं. आता तीन मैल आई चालणार नाही, म्हणजे गाडी काढा. आणि गाडी म्हणजे आमचं घर! मग विजेची केबल काढा, चाकांखालच्या पाचरी काढा, छताची खिडकी लावा, टेबल मिटवा, कपबशा सिंकमध्ये ठेवा, सगळ्यांनी पट्टे बांधा. वीस मिनिटं गेली. रस्ता इतका अरुंद की दोन्ही बाजूंची झुडपं खिडक्या पुसत होती. निम्म्यात समोरून ट्रॅक्टर आला आणि निखिलला ते सात मीटरचं धूड वळणावळणाने मागे घ्यावं लागलं.

"निखिलराव, सावकाश," मागून आई म्हणाली. "पण फार सावकाश नको."

पबच्या दारावर पाटी होती, टॉयलेट फक्त ग्राहकांसाठी. म्हणून आम्ही ग्राहक झालो. चार चहा घेतले, कृतार्थ होऊन वर आलो, केबल जोडली, पाचरी लावल्या, टेबल उघडलं आणि सई म्हणाली, "आई, मला परत सू लागला."

लागणारच! टॉयलेटसाठी चहा घ्यायचा आणि त्या चहासाठी पुन्हा टॉयलेटला जायचं. त्या दुपारी आम्ही तीन वेळा आमचं घर, टॉयलेटसकट, टॉयलेटला नेऊन आणलं. तिसऱ्या खेपेला पबवाल्याला राहवलं नाही.

"बाहेर उभी आहे ती मोटरहोम तुमचीच ना?" त्याने निखिलला विचारलं.

"यस."

"त्यात टॉयलेट नाही?"

"आहे."

"बिघडलंय?"

"नो, नो. ब्रँड न्यू."

पबवाल्याने आधीच पुसलेला ग्लास पुन्हा पुसायला घेतला.

इथपर्यंत मी हसत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी हसू गेलं. मी लवकर उठून बाहेरच्या शेगडीवर आलं घालून चहा केला. ऊन नुकतंच डोंगरावर आलं होतं. आई शाल गुंडाळून पायरीवर बसली होती, अगदी तिने म्हटलं होतं तशी. मी कप पुढे केला.

"नको गं," आई म्हणाली. "आत्ता नको."

माझ्या आईला चहाला नको म्हणताना मी जन्मात ऐकलं नव्हतं. अंगात ताप असला तरी ती अर्धा कप घेते. एकदम लक्षात आलं, कालच्या संध्याकाळपासून ती पाणीसुद्धा प्यायली नव्हती. आपल्यामुळे पुन्हा सगळ्यांना खाली जावं लागू नये म्हणून! समोर डोंगर होता, सकाळ होती, चहा होता आणि माझी आई मोकळ्या हातांनी बसली होती. मला रडूच आलं. मी आत जाऊन निखिलला हलवलं. "ऊठ. आपण परत जातोय. माझं चुकलं."

दहा मिनिटांनी बाहेर येऊन बघते तर पायरी रिकामी!

"आजी गेला," सई म्हणाली. "चकलीचा डबा पण गेला."

आम्ही सगळ्या शेतभर आईला शोधलं. गोठा पाहिला, ओढा पाहिला, निखिल मेंढ्यांमध्ये जाऊन "आई, आई" अशा हाका मारून आला (मेंढ्यांनी उत्तर दिलं). शेवटी मी ग्वेनच्या घराला वळसा घालून मागे गेले. भिंतीला टेकून एक बाक होता. त्यावर ग्वेन आणि आई शेजारी शेजारी बसल्या होत्या. आईचे केस ओले होते. तिच्या हातात तांब्याएवढा मोठा मग होता आणि ती डोंगराकडे बघत चहा पीत होती.

"ये," आई म्हणाली. "ही ग्वेन. हिचापण डावाच गुडघा दुखतो."

"तू हिला काय सांगितलंस?"

"काय सांगायचं? दार वाजवलं, गुड मॉर्निंग म्हटलं, डबा दिला आणि म्हटलं, बाथरूम प्लीज. गरम पाणी आहे गं हिच्याकडे!"

आम्ही राहिलो. आणि मग तो डबा सुरू झाला. आईच्या मते डबा रिकामा परत करायचा नसतो. दुर्दैवाने ग्वेनच्याही मते नसतो! चकल्या गेल्या, अंडी आली. बेसनाचे लाडू गेले, तव्यावरचे मनुकांचे वेल्श केक आले. लिंबाचं लोणचं गेलं, बदल्यात जॅम आला. डब्याच्या मागोमाग सईला त्या घरात प्रवेश मिळाला, शेताचं फाटक दुरुस्त केल्यावर निखिललाही. मी मात्र मानी. मी चालत पबला गेले, एकदाच. (येताना उभा चढ आहे. हे माझ्या नवव्या कॉलममध्ये होतं.)

शेवटच्या सकाळी आईने डबा माझ्या हातात दिला. "शंकरपाळी आहेत. दे तिला. आणि जाऊन ये गं बाई, मान कसला धरून बसलीयेस!"

ग्वेनने हसून मला आत घेतलं. मोठं स्वयंपाकघर, मोठी जुनी शेगडी, वर काहीतरी रटरटतंय. "टॉयलेट? तिथेच, लव्ह," तिने शेगडीकडे बोट दाखवलं. मला वाटलं मी चुकीचं बघतेय. शेगडीच्या बाजूला एक दार होतं. मी पंजा पसरून मोजलं. एक वीत!

परतीच्या वाटेवर, गाडी मोठ्या रस्त्याला लागेपर्यंत मी कसाबसा दम धरला.

"आई! तिचं टॉयलेट स्वयंपाकघरात आहे!"

"हो, बघितलं मी."

"आणि तुला चाललं?"

"ते तिचं घर," आई शांतपणे म्हणाली. "पाहुण्याने जाऊन भिंती मोजायच्या असतात का?"

"मग आपल्या गाडीत मोजल्यास त्या?"

"ती आपली होती ना, तीन दिवस."

तेवढ्यात मागून सई म्हणाली, "पण आजी, आपण तर गाडीच्या आत कधी कुक केलाच नाही. शेगडी बाहेर होता."

निखिल अचानक रस्त्याकडे फार एकाग्रतेने बघायला लागला. आईने बराच विचार केला.

"खरंच की गं," ती म्हणाली. "आत चूल पेटलीच नाही म्हणजे ते स्वयंपाकघर कसलं? मग चाललं असतं."

"मग बोलली का नाहीस?" मी जवळजवळ किंचाळले.

"तू विचारलंस कुठे? तुझा तो एवढा मोठा तक्ता. माझ्या नावाचा रकाना होता का त्यात?"

नव्हता. तेवीस कॉलम होते. त्यांतला एक मेंढ्यांचा होता, आईचा नव्हता.

"जाऊ दे," आईने माझ्या खांद्यावर हात ठेवला. "डोंगर छान निवडलास हो. मला असा चहा कित्येक वर्षांत मिळाला नव्हता. ग्वेनने पुढच्या वर्षी पण बोलावलंय, वरच्या खोलीत राहा म्हणाली. उगाच ही गाडी नको आणू."

दुसऱ्या दिवशी गाडी परत करायला मी गेले. त्या माणसाने आत जाऊन एकेक गोष्ट तपासली आणि शेवटी टॉयलेटचं दार उघडलं. खाली वाकून बघितलं, टाकी ओढून बघितली, पुन्हा आत बघितलं. बाहेर आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर भक्तिभाव होता.

"इतकी वर्षं मी या धंद्यात आहे," तो म्हणाला, "पण टॉयलेट इतकं स्वच्छ कोणीच परत दिलं नाही. मॅडम, कसं जमवलंत?"

"प्लॅनिंग," मी म्हटलं.