ठिपकेभाऊ

ठिपकेभाऊंना नकाशातली चूक भातातल्या खड्यासारखी लागायची. भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता. रशियन नकाशे गठ्ठ्यांनी यायचे आणि आम्ही आठ-दहा ट्रेसर ते पारदर्शक कापडावर शाईने गिरवत बसायचो. एखादं माप चुकलेलं असलं की भाऊंचा हात थांबायचा. मग ते चूक जशीच्या तशी गिरवायचे आणि शेजारी पेन्सिलीने एक बारीक ठिपका द्यायचे. त्यांचं खरं आडनाव हजेरीपटातच उरलं होतं.

ठिपका दिसला की आमच्या वरचा ड्राफ्ट्समन चूक दुरुस्त करायचा आणि साहेबांची शाबासकी घेऊन यायचा. एकदा मी चिडून विचारलं, "भाऊ, तुमी सोता कावून नाही सांगत साहेबाले?"

"गिरवनं आपलं काम. काढनं त्यायचं," भाऊ म्हणाले. "मॅट्रिक नापास मानसानं इंजिनिअरची चूक काढाची का?"

भाऊ नागपूरकडच्या रेल्वेवाल्या घरातले. साहेबाची ट्रॉली आली की गँगमन असलेले वडील रुळावरून खाली उतरून हात जोडायचे, हे त्यांनी लहानपणी पाहिलेलं. पण म्हणून जन्मभर उतरूनच उभं राहायचं? मला त्यांचा राग यायचा आणि मायाही वाटायची. कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर मिळत होतं, तर म्हणाले, "दुर्गची खोली बरी हाय." गिरवता गिरवता त्यांना रशियन वाचता यायला लागलं होतं, अडलं की दुभाष्यासुद्धा त्यांच्या टेबलाशी यायचा. "हे काई येनं झालं का? सवय हाय नुसती."

ती सवय त्यांनी मला मात्र मन लावून शिकवली. दरवर्षी ट्रेसरमधून ड्राफ्ट्समन निवडत. "तू भर फॉर्म," ते म्हणत.

"आन् तुमी?"

"पुढच्या साली पाहू."

एका वर्षी निवडीच्या तोंडावर भाऊंनी मोठी चूक पकडली. काँक्रीटच्या पायातली बोल्टांची भोकं वर बसणाऱ्या यंत्राशी जुळत नव्हती. ठिपका त्यांचा, पण नकाशा साहेबांकडे मी नेला.

"किसने पकड़ा?" साहेबांनी विचारलं.

भाऊ चार पावलांवर बसले होते. मी वळून पाहिलं तेव्हा त्यांनी डोळ्यांनीच 'घे' म्हटलं. मी घेतलं. त्यांनी खुणावलं नसतं तरी घेतलंच असतं, हे आता कबूल करतो. त्याच वर्षी मी ड्राफ्ट्समन झालो आणि वसाहतीतल्या सेक्टर दहामध्ये क्वार्टरात राहायला गेलो.

पुढे एका वर्षी भाऊंचं वय फॉर्मच्या मर्यादेबाहेर गेलं. त्यानंतर त्यांनी ठिपके देणं सोडलं. हात थांबायचा, क्षणभर तसाच राहायचा आणि पुन्हा चालू लागायचा. थोड्याच दिवसांत काविळीचं निमित्त झालं आणि भाऊ गेले.

त्यांचा खण रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. शाईच्या दौतीखाली निवडीचे सहा फॉर्म होते, सहा वर्षांचे. छापल्यासारख्या अक्षरात सगळं भरलेलं: नाव, जन्मतारीख, अनुभव, रशियन वाचता येतं, होय. सहीची जागा सगळ्यांवर कोरी होती आणि प्रत्येक कोऱ्या जागेशेजारी पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता.