यादीत राहून गेलेला सप्लाय

दुखवट्याची साडी घ्यायची म्हणून वसंतानं बहिणीला आणि भाचीला शेळगावहून बारामतीला आणलं. पण कौसल्याबाई कापडदुकानाची पायरी चढल्याच नाहीत. "साडी ऱ्हाऊ दे. तेवढं हिच्या कंप्युटरात घाल," म्हणाल्या, आणि लेकीच्या, दिपालीच्या मागोमाग समोरच्या कंप्युटरच्या दुकानात शिरल्या.

मानसिंगराव जाऊन दीड महिना झाला होता. त्यांचं मोटारी भरायचं दुकान. विहिरींवरच्या, बोअरच्या जळालेल्या मोटारी यायच्या. ते नवी तांब्याची तार गुंडाळायचे आणि कौसल्याबाई शेजारी बसून जळकी वेटोळी उकलायच्या. वीस वर्षं हेच. संकष्टीला तेवढं मोरगाव चुकवायच्या नाहीत. आता मात्र घरच्या गणपतीपुढं हात जोडले की जोडलेले हात दिसायचे, बाकी आत काही हलायचं नाही.

बारावी झाली की गेम खेळायचा कंप्युटर, असं बापलेकीचं ठरलं होतं. मानसिंगरावांनी चार दुकानं फिरून, पोरीच्या मोबाइलवर बघून पावतीबुकाच्या मागं यादी केली होती: प्रोसेसर, ग्राफिक्स कार्ड, बोर्ड, रॅम, डिस्क, वरचा डबा. खाली रेघ मारून पंचावन्न हजार. कौसल्याबाईंना त्यातलं काही कळत नव्हतं. त्यांना एकच हवं होतं. मालकांनी लिहिलंय तसंच घरात यावं, एक अक्षर न बदलता.

दुकानातल्या विनया नावाच्या मुलीनं यादी वाचली. "काकू, सगळं एकमेकांना बसतंय. नीट बघून लिहिलंय. पण सप्लाय कुठंय?"

"कसला?"

"या सगळ्या भागांना वीज वाटून देणारा डबा असतो. तो वेगळा घ्यावा लागतो."

वसंत हसला. "दाजींना वाटलं आसंल, मोटारीगत भितीतनं डायरेक लाईट जोडायची."

दिपालीही हसली. दीड महिन्यात पहिल्यांदाच. कौसल्याबाईंनी ते पाहिलं, पाहिलं एवढंच.

साडीच्या पैशात साधा सप्लाय बसत होता, म्हणजे बाकीची यादी तशीच राहिली असती. चांगला घ्यायचा तर प्रोसेसर एक पायरी खालचा घ्यावा लागणार होता. विनया म्हणाली, "गेमचा मुख्य भार कार्डावर असतो. खालच्या प्रोसेसरनं फार अडायचं नाही."

"साधाच द्या," दिपाली म्हणाली. "पप्पांनी हाच प्रोसेसर लिहिलाय."

कौसल्याबाईंच्याही ओठांवर तेच होतं. विनयानं दोन्ही सप्लाय समोर ठेवले. कौसल्याबाईंनी साधा उचलला. रिकाम्या पत्र्याच्या डब्यासारखा हलका. दुसरा उचलला तर मनगट खाली गेलं. कुणाच्या मोटारीत तांबं किती घातलंय, हे त्या असंच हातात घेऊन सांगायच्या.

"तुमच्याकडं लाईट कशी असते, काकू?"

"खालवर."

मोटार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मानसिंगराव एकच बोलायचे. "पाच हॉर्सपॉवरची मोटार आन् केबल बारकी. मग माझ्याकडंच येणार की, पाव्हणं." पाव्हणे हसायचे. त्या जळक्या मोटारी नंतर कौसल्याबाईंच्या पुढ्यात यायच्या. जळक्या वार्निशचा वास अंघोळ केली तरी नखांतून जात नसे.

"पेन दे," त्या म्हणाल्या.

प्रोसेसरच्या ओळीवर त्यांनी रेघ मारली. रेघेखालून नवऱ्याचं अक्षर वाचता येत होतं. काहीतरी वाटेल म्हणून क्षणभर थांबल्या. काही वाटलं नाही.

"आई, पप्पांनी लिहिलेलं हाय ते."

"व्हय. आन् पप्पांच्याच दुकानातलं जळकं वीस वर्सं मी उकललंय. ह्ये न्हाय उकलायचं मला."

खाली, मोकळ्या जागेत, त्यांनी लिहिलं: सप्लाय, चांगला.

दुसऱ्या दिवशी घरी कंप्युटर जोडून झाला. नव्या वस्तूला हळदकुंकू लावायचं म्हणून कौसल्याबाईंनी सवयीनं करंडा उचलला, उघडला आणि दिपालीपुढं धरला.

"तूच लाव की," पोर म्हणाली.

"लाव तू."

दिपालीनं बोट टेकवलं. बटण दाबलं, पंखे फिरले, पडदा उजळला. तिचा गेम अर्धा तास चालू होता. मग कौसल्याबाई उठल्या, मोटार तपासताना मानसिंगराव ठेवायचे तसा त्यांनी डब्यावर, आत सप्लाय होता त्या बाजूला, तळहात ठेवला आणि थोडा वेळ तसाच राहू दिला.

"तापला न्हाय," म्हणाल्या, आणि कणीक मळायला आत गेल्या.