वारा बसला तेव्हा

पांढरकवड्याजवळ हायवेवर हंसाबाईचं चहाचं दुकान आहे. नवरा डोंगरसिंग गेला तेव्हा मुलगा बादल तीन वर्षांचा होता. त्याला तिनं याच चहावर वाढवलं. ट्रक कुणाचा, हे ती हॉर्नवरून ओळखते. आता तिला 'याडी' म्हणणारा बादलही ट्रक चालवतो. मी तीस वर्षं भूगोल शिकवून निवृत्त झालो, पण शिकवायची खाज काही गेली नाही.

त्या मंगळवारी बादल कापसाच्या गाठी घेऊन आंध्राच्या किनाऱ्यावर अडकला होता. चक्रीवादळ येणार म्हणून ट्रक गोदामाशी लावून तो आत बसला होता. हंसाबाईच्या हातून साखर सांडत होती.

"गुरुजी, हे येवढं मोठं होते तरी कसं?"

मला तेवढंच हवं होतं. म्हटलं, समुद्राचं पाणी तापतं, वाफ वर जाते. तिची जागा घ्यायला चहूकडून वारा धावतो, आणि पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ न येता गोल फिरतो. वर गेलेल्या वाफेचे ढग होताना तिच्यातली ऊब सुटते, मग वरची ओढ आणखी वाढते. पाणी जितकं गरम, तितकं वादळ माजतं.

"म्हंजे चुलीत जळण हाये तवर उकळी."

"बरोबर! जमिनीवर आलं की जळण संपतं, मग विझत जातं."

ती जरा सावरली. मीही खूश होऊन दुसरा चहा मागितला.

दुपारी पुन्हा गेलो तर बाई हसत होती. "बादलचा फोन आलता. झाडं पडली म्हने, पन आता 'याडी, वारा बसला, ऊन पडून राह्यलं' म्हने. म्या सांगतलं, निंघ लवकर."

तिच्या बंजारा तांड्याची शिकवणच तशी. वावटळ आली की तोंड ओढणीत झाकून खाली बसायचं, आणि वारा बसताच ती जागा सोडायची. बसून राहिलेल्याला वावटळ परत येऊन धरते. बैलांच्या पाठीवर मीठ वाहत माळरानं तुडवणाऱ्या तिच्या पूर्वजांना ही शिकवण कधी नडली नसेल.

पण ही वावटळ नव्हती. चक्रीवादळाच्या मधोमध डोळा असतो. तिथे वारा पडतो, ऊनही दिसतं. थोड्या वेळात तो डोळा पुढे सरकतो आणि तेच वादळ उलट दिशेनं, पूर्ण जोरानं अंगावर येतं. सकाळी एवढं पुराण सांगितलं आणि नेमकं हेच राहिलं. शहाणा कुठला!

"फोन लाव! परत गोदामात जा म्हणावं!" मी ओरडलो.

फोन लागला नाही. ओढणीनं पुसून पुसून ती तो लावत राहिली, आणि मी नुसता बघत राहिलो.

तिसऱ्या दिवशी ट्रकमालकानं कळवलं. ट्रक कालव्यात उलटा सापडला, आत बादल नव्हता. शोध चालू आहे. गोदामाला काहीच झालेलं नाही.

हंसाबाईनं दुकान बंद केलेलं नाही. प्रत्येक हॉर्नला ती मान वर करते. काल माझ्यापुढे चहा ठेवून समोर बसली.

"गुरुजी, मधात वारा बसते, हे तुमाले त्या दिवशी सकाळी मालूम होतं?"

"होतं," मी म्हणालो.