हनुमंततात्या आणि मुंगीएवढा फॉर्म

वेल्ह्याच्या बाजारात कुणाच्या कॉम्प्युटरवर वेबसाइट वाकडीतिकडी दिसायला लागली, की लोक आधी बाहेर येऊन तोरण्याकडं बघतात. गडावर ढग असले तर ढगांमुळं, नसले तर टॉवरमुळं, आणि दोन्ही ठीकठाक असलं तर अमावस्येमुळं. कारण कधी कमी पडत नाही. टेबलाखाली वाकून बघणारा माणूस अख्ख्या बाजारात एकच, आणि तो म्हणजे हनुमंततात्या.

तात्यांचं कॉम्प्युटरचं शिक्षण विचाराल तर काहीच नाही. बत्तीस वर्षं ते भोरच्या डेपोत एसटीचे मेकॅनिक होते. निवृत्त होऊन वेल्ह्याला घरी आले आणि पहिल्या पंधरा दिवसांत त्यांनी घरातला प्रत्येक नळ, प्रत्येक बिजागरी आणि चांगलं चालणारं शिलाई मशीन खोलून पुन्हा जोडलं. सोळाव्या दिवशी मंगलकाकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मिक्सर छातीशी घट्ट धरला आणि सांगितलं, "आता जरा भाईर फिरून येत जावा."

तात्या बाहेर पडले ते तहसील कचेरीसमोरच्या शेफालीच्या ऑनलाइन सेंटरमध्ये शिरले. काढायचा होता सातबारा. पण स्क्रीनवर अक्षरांच्या जागी नुसते रिकामे चौकोन उमटले होते आणि शेफाली मॉनिटरला चापट्या मारत होती. तात्यांना ते बघवेना. यंत्राला मारणाऱ्या माणसाचा त्यांना पहिल्यापासून राग.

"पोरी, तिला मारून काय व्हनार हाय? काल कशी व्हती ती? कालपास्नं काय बदाललं?"

शेफालीनं आठवून सांगितलं, की पुण्याचा भाऊ इंद्रजित रविवारी आला होता, आणि कॉम्प्युटर हळू चालतो म्हणून त्यानं बरंच काहीबाही पुसून टाकलं होतं. त्या काहीबाहीत मराठी फॉन्ट गेले होते. ते परत घातले आणि चौकोनांची अक्षरं झाली. त्या दिवसापासून सेंटरमध्ये तात्यांसाठी एक लाकडी स्टूल कायमचं राखीव झालं.

तात्यांची पद्धत डेपोतलीच होती. गाडी बंद पडली की ते तीनच गोष्टी विचारायचे: रस्ता वाईट आहे, इंजिन बिघडलंय, का डायवरच्या हातात काही गडबड आहे? वेबसाइट म्हणजे रस्ता, ब्राउझर म्हणजे इंजिन, आणि डायवर म्हणजे खुर्चीत बसलेला माणूस आणि त्याच्या हाताखालचं सगळं सामान. एकेक करून दोन गोष्टी बाद करायच्या, उरेल ती धरायची. सोपं वाटतं, पण लोकांना एवढा दम नसतो. लोकांना लगेच तोरण्याकडं बघायचं असतं.

तर दसरा होऊन तीन दिवस झाले होते. दुपारी तीनच्या सुमाराला मार्गासनीची प्रेरणा नवऱ्याला पुढं घालून सेंटरमध्ये आली. गावच्या अंगणवाडीत मदतनिसाची जागा निघाली होती. बारावीला चांगले मार्क, अंगणवाडी घरापासून हाकेच्या अंतरावर, आणि पोरगं आता शाळेत जायला लागलेलं. ही जागा आपल्यासाठीच निघालीय असं तिला वाटत होतं आणि त्यात फार चूकही नव्हती. मुदत मात्र त्याच दिवशी संध्याकाळी सहापर्यंत होती. शेवटच्या दिवसावर गोष्ट आली ती नवऱ्यामुळं. सोमनाथ टेम्पो चालवायचा आणि गेले आठ दिवस रोज 'उद्या नक्की जाऊ' म्हणत होता. प्रेरणानं मार्गासनी ते वेल्हे त्याचा असा उद्धार केला होता, की सेंटरमध्ये शिरताना त्याचे दोन्ही कान लाल होते.

शेफालीनं फॉर्म उघडला. नाव, पत्ता बरा गेला. मग खाली जायला तिनं माउसचं चाक फिरवलं, तर पान खाली सरकायच्या ऐवजी आक्रसायला लागलं. अक्षरं मुंगीएवढी झाली. उलटं फिरवलं तर अक्षरं फुगत गेली आणि अख्ख्या स्क्रीनवर एकटा 'म' उरला. काही टाईप करायला जावं तर भलतीच खिडकी उघडायची. मधेच दोन मिनिटं सगळं सुरळीत, की पुन्हा तेच. डोळे बारीक करून, अंदाजानं टिचक्या मारत शेफालीनं कसाबसा शेवट गाठला. तिथं चित्रातली पाच अक्षरं बघून टाईप करायची होती. ती एक तर दिसेनात, आणि दिसली तर टाईप होईनात.

मग सल्ले सुरू झाले. शेफालीची सासू बाळाबाई दारातच बसली होती. ती म्हणाली, दृष्ट लागलीय. बाहेर एक दोघं तोरण्याकडं बघून आले. इंद्रजितनं पुण्याहून फोनवर ठासून सांगितलं, की ब्राउझरमध्ये साठलेलं सगळं पुसून टाका. शेफालीनं पुसलं. त्यानं पान सुधारलं नाहीच, वर फॉर्मच्या बाहेर फेकली गेली ती वेगळीच. पुन्हा आत जायला ओटीपी हवा, ओटीपी सोमनाथच्या मोबाईलवर, आणि त्याच्या मोबाईलला रेंज फक्त तहसील कचेरीच्या तिसऱ्या पायरीवर. सोमनाथ पळत गेला, आकडा पाठ करत पळत आला. तेवढ्यात ओटीपीची मुदत संपली. परत गेला. परत येताना मधे एसटी आडवी लागली आणि कंडक्टरनं त्याला हाक मारून विचारलं, कुठं निघालास? उत्तर देता देता तो आकडा विसरला. तिसऱ्या खेपेला जमलं. नशिबानं भरलेला फॉर्म आत तसाच होता.

"आट दिस आराम क्येला न्हवं, आता पळा," प्रेरणा म्हणाली. सोमनाथला बोलायला श्वासच नव्हता.

सव्वापाचला तात्या चहा पिऊन आले. सगळे एकदम बोलायला लागले तसा त्यांनी हात वर केला आणि स्टूल पुढं ओढलं.

"पयलं मला सांग, ही नीट कवा चालत व्हती?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवसापातूर, तात्या. मग तीन दिवस सेंटर बंद व्हतं. आज उगडलं."

"आता एस्टीचं येळापत्रक उगड बरं."

"तात्या, पाऊन तास ऱ्हायलाय," प्रेरणा रडकुंडीला येऊन म्हणाली. "एस्टी कशाला बगायची?"

तात्यांनी शांतपणे चाक फिरवलं. वेळापत्रकही आक्रसलं. भोर, मार्गासनी, वेल्हे, सगळी गावं एका चिमटीत आली. "म्हंजी रस्ता चांगला हाय," तात्या म्हणाले. मग दुसऱ्या ब्राउझरमध्ये तेच पान उघडायला लावलं. तिथंही तेच. "इंजिन बी चांगलं हाय." साडेपाच वाजले होते. तात्या खाली वाकले, कीबोर्डची वायर धरली आणि ती उपटली. शेफाली ओरडणार होती, पण तात्यांनी माउसचं चाक फिरवलं आणि पान शहाण्यासारखं खाली सरकलं. वर सरकलं. पुन्हा खाली सरकलं.

तात्यांनी कीबोर्ड उचलला, टेबलावर वर्तमानपत्र पसरलं, आणि सुपातले खडे काढावेत तसा तो पालथा करून हलवला. आधी झेंडूच्या पाकळ्या पडल्या. मग हळद पडली, तीही चांगली चमचाभर. मग तात्यांनी स्कूटरच्या चावीनं डाव्या कोपऱ्यातली कंट्रोलची कळ उचकटली. तिच्या पोटात कुंकवानं लाल झालेला तांदळाचा एक टपोरा दाणा अडकून बसला होता. कळ दाबली की दाणा तिला वर येऊ देत नव्हता. आणि ती कळ दाबलेली राहिली, की माउसचं चाक पान सरकवत नाही, लहानमोठं करतं.

दसऱ्याला सेंटरमधल्या यंत्रांची पूजा कुणी केली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. सगळे दाराकडं वळले.

"मला काय बगताय?" बाळाबाई म्हणाली. "मशीनची पूजा मशीनवर न्हाई करायची तर काय भितीवर करायची? आन जितं बोटं चालत्यात तितंच लक्ष्मी आसती. म्हनून तितं मूटभर अक्षता जास्त टाकल्या."

तात्यांनी तो दाणा टाकून न देता मॉनिटरच्या डोक्यावर ठेवला, कारण अक्षत ती अक्षत. मग कळ बसवली, वायर जोडली. पान उघडलं. अक्षरं जशी असावीत तशी, ठसठशीत. पावणेसहा झाले होते. प्रेरणानं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "ताई, ती पाच अक्षरं टाका आन दाबा."

"थांब," तात्या म्हणाले. "गाडी दुरुस्त झाली म्हंजी लगीच पाशिंजर भरायचं नसतं. आदी रिकामी एक फेरी मारायची. वरनं खालपातूर समदं वाच."

आता मात्र सगळ्यांनाच तात्यांचा राग आला. पंधरा मिनिटं उरलीत आणि या माणसाला फेरी मारायचीय. पण स्टुलावरून ते हलेनात, आणि माउस त्यांच्या हाताखाली होता. शेफाली भराभर वाचायला लागली. नाव, प्रेरणा सोमनाथ. गाव, मार्गासनी. शिक्षण, बारावी. वैवाहिक स्थिती...

ती थांबली. सोमनाथ वाकून बघायला लागला. तिथं लिहिलं होतं, विधवा.

"म्या हाय की हितं," सोमनाथ म्हणाला.

शेफालीनं कपाळाला हात लावला. "मुंगीएवढ्या दिसत व्हत्या हो ओळी. विवाहितच्या खालची लागली जनू." ती दुरुस्त करायला गेली तर सोमनाथनं तिला थांबवलं.

"ताई, जरा दमा. विधवा बाईला धा मार्क जास्त आसत्यात न्हवं?"

"असतात. पण..."

"मग ऱ्हाऊ द्या तसंच."

"आरं, काय बोलतुयास?" तात्या म्हणाले.

"मला काय फरक पडतुया, तात्या? कागदावरच मरायचंय. टेम्पो तर चालवायचाच हाय." सोमनाथ खाली बघत होता. "आट दिस म्या घालावलं. हिची जागा माज्यापायी ग्येली तर म्या तोंड कसं दावू? मेलो तर मेलो."

"मरनाचा दाखला जोडावा लागतो त्याला. त्यो कुठनं आनशील?"

सोमनाथनं एवढा विचार केला नव्हता. तो खरंच विचार करायला लागला. तात्या भडकले.

"मला दर नोव्हेंबरात अंगठा लावून पटवावं लागतं की म्या जिता हाय, तवा कुठं पेन्शन येती. आन हा सुक्काळीचा फुकटात मरायला बसलाय."

बाळाबाई म्हणाली, दसरा होऊन चार दिवस नाही झाले, असलं अभद्र बोलू नये. शेफाली घड्याळाकडं बघत होती. सहाला नऊ मिनिटं होती.

दुपारी तीनपासून प्रेरणा नवऱ्याशी जे बोलली होती ते सगळं त्याच्यावर तोंड टाकायलाच. आता तिनं त्याच्याकडं बघितलं. तीनदा पळून शर्ट पाठीला चिकटलेला, पायात एकच चप्पल, दुसरी कचेरीच्या पायरीवर राहिलेली, आणि हातात तिची मार्कशीट मात्र घामानं भिजू नये म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत, छातीशी धरलेली.

"ताई, ह्यांना जित्तं करा," ती म्हणाली.

"आगं, धा मार्क..." सोमनाथ म्हणाला.

"मार्काचं मला नका सांगू. जागा आज न्हाई तर पुढल्या साली निगंल." तिनं सोमनाथकडं बघितलं. "तुमच्यावानी मानूस म्या कुठनं आनू?"

तात्या उठले आणि माउस त्यांनी सोमनाथपुढं सरकवला. "तुजं तूच कर."

वळणावळणाच्या घाटात टेम्पो फिरवणारा तो हात, पण माउस काही त्याला वळवता येईना. पहिल्या टिचकीला प्रेरणा अविवाहित झाली, दुसऱ्या टिचकीला परित्यक्ता. मग तिनं आपला हात त्याच्या हातावर ठेवला, बाण 'विवाहित'वर नेला आणि दोघांनी मिळून दाबलं. शेफालीनं पाच अक्षरं टाईप केली. सहाला चार मिनिटं असताना फॉर्म गेला, नवऱ्यासकट.